अंगात आलेला कण आणि माझ्या साळ्याची सोयरीक

परवा गावच्या शाळेत एक साहेब भाषण करून गेले. माझा साळा लहानपणी वैनगंगेच्या काठी ध्यान लावून बसायचा आणि तिथेच त्याला अणूच्या पोटातलं दर्शन झालं, असं म्हणाले. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो, पण मला कोणी काही विचारलं नाही. ध्यान कसलं? त्याला मासे धरता येत नव्हते. जाळं फेकायला सांगितलं तर जाळ्यासोबत स्वतःच जायचा. म्हणून त्याला काठावर बसवत होतो.

माझी बायको असती तर त्या साहेबाला उभ्याउभ्या खवले काढून सोडलं असतं. तिला खोटं खपत नव्हतं, आणि भावाबद्दलचं तर नाहीच. ती गेली. आता खरं सांगायला घरात मीच उरलो, म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन ज्याला पाहायचं असेल त्याने दुसऱ्याचं पुस्तक घ्यावं.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. घर नदीच्या चांद्याकडच्या काठावर. लग्नात मला सासरकडून एक डोंगा मिळाला आणि एक साळा मिळाला. डोंगा पुढे फुटला. सासू-सासरे पटकीत गेले होते आणि साळा तेव्हा कमरेला करगोटा बांधून उघडा हिंडायचा. बायकोने अट घातली, मी येईन पण हा सोबत येईल. आला. पुढे आम्हांला मूल झालं नाही. भाऊ म्हणा, पोरगा म्हणा, तिला तोच एक.

डोकं मात्र त्याचं तेज होतं. गावच्या मास्तरने त्याला चांद्याला पाठवलं, चांद्याने नागपूरला पाठवलं, नागपूरने मुंबईला. माणूस हुशार निघाला की प्रत्येक गाव त्याला पुढच्या गावाला ढकलतं, ठेवून कोणी घेत नाही. मुंबईला तो कुठल्याशा मोठ्या संस्थेत लागला. मी सांगतो ते दिवस म्हणजे आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून काढून मुंबईच्या राज्यात घालायची बोलणी चालू होती तेव्हाचे. जिल्ह्याला कोणी विचारत नव्हतं आणि माझ्या बायकोलाही कोणी विचारत नव्हतं. साळ्याला परदेशातून बोलावणं आलं होतं.

ती घाबरली. पण रडणारी बाई नव्हती, कामाला लागणारी होती. आदल्या साली मार्कंड्याच्या देवळाच्या जत्रेत साळ्याने पलीकडच्या काठावरची एक पोरगी पाहिली होती आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बहिणीला म्हणाला होता, "बाई, करायचं तर तिच्याशीच." पोरगी सातवी शिकलेली, आमच्यातलीच. बायकोने तेच धरलं.

मी म्हटलं, "घाई काऊन करून राह्यली?"

"इकडची पोरगी केली त इकडं यायले त्याले कारण राहीन," ती म्हणाली. "नाई त आपल्याकडं कायले येईन तो? तुमचं तोंड पाहाले?"

बरोबर होतं. माझं तोंड पाहायला कोणी समुद्र ओलांडून येणार नव्हतं. एवढंच होतं त्या सोयरिकीत. जमली तर तो येत राहणार होता, मोडली तर गेला.

मधे होता भगत. आमच्या भागात अंगात आलेलं उतरवायचं कामही तोच करायचा आणि सोयरिकी जुळवायचंही तोच. दोन्हीत फार फरक नाही, असं तो म्हणायचा. त्याने पलीकडची माणसं आणली. पोरीचा बाप आला, आणि बापाची मोठी बहीण आली. बाप बोलत नव्हता, कारण बहिणीने त्याला लहानपणापासून संधीच दिली नव्हती. ती पोरीची आत्या. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं.

चहा झाला. आत्याने मला विचारलं, "पोरगा काय करते?"

"शास्त्रज्ञ आहे," मी म्हटलं. शब्द आठवडाभर घोकला होता.

"ते समजलं. सकाळी उठून काय करते?"

मला खरंच माहीत नव्हतं. सुटीवर आला की तो सकाळी उठून बांधावर बसायचा आणि दुपारी जेवायला यायचा. साळा पुढे सरकला. "मी सांगतो," म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांत त्याला असा सरळ प्रश्न कोणी विचारला नसावा.

अंगणातल्या धुळीत बोट ठेवून तो सांगू लागला. प्रत्येक वस्तूच्या पोटात बारीक कण असतात, त्यांतल्या एकाचं नाव प्रोटॉन. त्याच्यावर दुसरा हलका कण मारतात, त्याचं नाव पायॉन. हळू मारला तर टक्कर होऊन निघून जातो. जोरात मारला तरी निघून जातो. पण मधे एक जोर असा आहे, की नेमका तेवढ्यानेच मारला तर मोठी गडबड होते. असं म्हणून त्याने धुळीत एक रेघ ओढली, ती हळूहळू वर गेली आणि पुन्हा खाली आली.

"मारते कोण?" आत्याने विचारलं.

"परदेशातले लोक. त्यांच्याकडे यंत्रं आहेत."

"तू नाई मारत?"

"नाही. मी विचार करतो."

"म्हंजे त्यायनं मारायचं अन् तू विचार करायचा."

"हो."

"अन् पगार कोणाले भेटते?"

"दोघांनाही."

आत्याने भावाकडे पाहिलं. "चांगलं काम आहे," म्हणाली. तिथपर्यंत सोयरीक जमलेली होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पोरीच्या बापाने धुळीतल्या रेघेकडे बोट करून तेवढ्यात तोंड उघडलं.

"हा डोंगर तुमच्या मालकीचा आहे का?"

"डोंगर नाही मामा, हिशेब आहे."

बापाने तोंड मिटलं. तिथे मी खोकलो, भगताने पानाचा विषय काढला. साळ्याने थांबायला पाहिजे होतं. पण शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. समोरच्याला समजलं नाही हे दिसलं की तो गप्प बसत नाही, आणखी समजावतो. त्या नेमक्या जोराला प्रोटॉन त्या पायॉनला धरून ठेवतो, तो म्हणाला, आणि पेटून उठतो. वजन वाढतं. गिरकी तिप्पट होते, एक छेद दोनची तीन छेद दोन. हे इतका थोडा वेळ टिकतं की त्याच्यापुढे पापणी लवणं म्हणजे म्हातारपण. मग तो पायॉन बाहेर फेकतो आणि पुन्हा साधा प्रोटॉन होतो, जसा होता तसा. तर मधे जो होता तो कोण? नवीन कण, का तोच जुना, पेटलेला? आणि साध्या कणाला पेटता येतं, तर त्याच्या पोटात असं आहे तरी काय?

मग त्याने उदाहरण दिलं.

"आत्या, अंगात येतं पाहा. अगदी तस्संच. आमच्या आजीच्या अंगात यायचं, आजोळी मी जवळून पाहिलंय. साधी, वाकलेली बाई. डफडं कसंही वाजलं तर काही नाही. पण एका ठरलेल्या ठेक्यावर आलं, की उठायची. दोन बाप्यांना आवरायची नाही. नाव विचारलं तर दुसरंच सांगायची. मग उतरलं, की पाणी मागायची आणि पुन्हा आपली आजी. आता सांगा, ती देवी बाहेरून आली होती, की आजीच्या आतच होती? याच्यावर विचार करायचा, हेच माझं काम."

बायको सुपारी कातरत होती. अडकित्ता उघडाच राहिला.

"कोणाची आजी?" आत्याने हळूच विचारलं.

"माझी. सख्खी, आईची आई."

"अन् आईच्या?"

"आईचं आठवत नाही मला," साळा म्हणाला. खोटं बोलायला त्याला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्यात अंगात येणाऱ्या बाईला सणाच्या दिवशी पाटावर बसवतात, पायावर पाणी घालतात, सगळं गाव पाया पडतं. पण तिच्या घरी पोरगी कोणी देत नाही आणि तिच्या घरची कोणी करत नाही. देवी शेजारच्या घरची बरी. आणि सोयरीक पसंत असली की निघताना यजमानाच्या हातचं पान घ्यायचं, असा रिवाज. बायकोने पान पुढे केलं. आत्याने पानाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "दात दुखते." भावाकडे नुसतं पाहिलं, तर त्याचेही दात दुखायला लागले. दोघं डोंग्यात बसून गेले.

दुसऱ्या दिवशी भगत आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"त्यायचं म्हणणं असं का, पोराच्या अंगात येते. घरचंच आहे म्हणते, अन् आता नोकरी बी त्याचीच करते."

"नोकरी अणूची आहे," मी म्हटलं.

"भाऊ, मले सांगू नका, तितं जाऊन सांगा. मी लय समजावलं. शेवटी आत्या म्हणाली, शिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याच्या वाळूवर पोराले चारचौघांत बसवा, डफडं वाजवा. आलं त सोयरीक मोडली. नाई आलं त तिथंच पान घेतो."

तो गेल्यावर बायको भावाकडे वळली.

"बाई, ते उदाहरण होतं."

"मुंबईत उदाहरणं सरली होती काय रे? मेलेली आजी कायले उठवली?"

"चांगलं बसत होतं."

"आता तूच बस चांगला! वाळूवर!"

"बसतो ना. मलाही पाहायचंच आहे."

तिने कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "याले समजतच नाई याचं काय जाऊन राह्यलं ते." खरी भीती तिने मला नंतर नदीवर भांडी घासताना सांगितली. साळ्याला विचार करताना डोलायची सवय होती. नजर एका जागी लावायचा, पुढेमागे डोलायचा, बोटाने हवेत काहीतरी लिहायचा आणि ओठातल्या ओठात बडबडायचा. आम्ही रोज पाहत होतो, आम्हांला त्याचं काही वाटत नव्हतं. परक्याने पाहिलं असतं तर आधी लिंबू आणायला पळाला असता.

जत्रेच्या दिवशी डोंग्यात तिने त्याला बजावलं, "तिथं काईच विचार करू नको."

"विचार न करणं फार कठीण असतं, बाई."

"कठीण काय त्यात? तुये भाऊजी दिवसभर करतेत ना." मी वल्हं मारत होतो.

दर्शन झालं. खाली वाळूवर झाडाच्या सावलीला आमची आणि त्यांची माणसं गोल करून बसली. पोरगी तिच्या मैत्रिणींमागे, पण दिसेल अशी. मधे साळा, मांडी घालून, नवीन धोतर नेसलेला. भगताने ऊद पेटवला आणि डफडं घेतलं. पहिला ठेका वाजवला. साळा ठीक बसला होता. दुसरा वाजवला. साळ्याने नाक खाजवलं. आत्याची मान पुढे आली, ती बारीक पाहत होती. बायकोचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होती की भावाला शिव्या देत होती ते कळलं नाही.

मग भगताने तिसरा ठेका धरला, आणि हा शहाणा त्या ठेक्याचाच विचार करायला लागला. मी पाहिलं, नजर लागली. बोट उठलं. पुढे, मागे, पुढे, मागे.

"आलं! आलं!" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

भगताने वाजवणं न थांबवता विचारलं, "कोण आहेस तू?"

"तीन छेद दोन," साळा म्हणाला.

लोक मागे सरकले. भगत पन्नास भुतं उतरवलेला माणूस, पण हे नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. त्याचा आवाज बदलला. "कुठून आलास, बाप्पा?"

"दोन्हीकडून तेवढंच येतं," साळा म्हणाला, आणि हसला. उत्तर जुळलं की तो असाच हसतो.

बायकोने तांब्या उचलला आणि सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. तो दचकला, धोतराकडे पाहिलं. "काय झालं?"

"उतरलं," भगत म्हणाला.

संपलं. आता कोणाला सांगणार की हे चढलं नव्हतं आणि उतरलंही नाही? बायको वाळूत खाली बसली, रिकामा तांब्या मांडीवर. तिचं असं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला आतून तुटल्यासारखं झालं आणि साळ्याला दोन ठेवून द्याव्या असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

भगत मात्र घाबरल्यामुळे तोच ठेका वाजवत राहिला होता. हात थांबेना. आणि आत्या डोलायला लागली.

आधी नुसती मान. मग खांदे. मग अंबाडा सुटला आणि ती उभी राहिली, आणि अशी गिरकी घेतली की दोन बाया आवरायला गेल्या त्या वाळूत जाऊन पडल्या. पोरीचा बाप "बाई, अवो बाई" करत होता. इतकी वर्षं त्या घराने हे पदराखाली झाकून ठेवलं होतं, ते जत्रेत सगळ्यांसमोर उघडं पडलं. ती घुमत साळ्यापाशी आली, त्याची हनुवटी धरून वर केली आणि डोळ्यांत पाहिलं.

भगताला आता धंद्याचं भान आलं. हात जोडून म्हणाला, "माय, तूच सांग. या पोरात कोण आहे?"

"कोणी नाई," देवी म्हणाली. "रिकामं गाडगं आहे."

"मंग आता बोलला तो कोण?"

"हाच! याचं असंच आहे."

आणि आत्या मटकन खाली बसली, केस तोंडावर, आणि बारीक आवाजात म्हणाली, "पाणी."

पहिली उठली ती माझी बायको. नदीवर गेली, तांब्या भरून आणला, आत्याला पाजला, तिचे केस मागे घेतले आणि स्वतःच्या हाताने अंबाडा बांधला. आत्याने आजूबाजूला पाहिलं. लोकांच्या तोंडावरूनच तिला काय झालं ते कळलं. आता पारडं फिरलं होतं. नको म्हणायचा हक्क आमचा होता आणि जत्रेतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. पोरीच्या बापाने मान खाली घातली. भगत माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "भाऊ, दुसरी पोरगी आहे माया पाहण्यात." त्याला मी काय सांगितलं ते पुस्तकात लिहिण्यासारखं नाही.

बायकोने कमरेची पिशवी सोडली, पान लावलं आणि आत्यासमोर धरलं.

"दात दुखते का अजून?"

आत्याने पदर सारखा केला. मग पान घेऊन तोंडात टाकलं. भावाने मागून हात पुढे केला, त्यालाही दिलं.

जमलं. आणि जमल्याबरोबर माझा साळा ओल्या धोतरानिशी आत्याजवळ येऊन बसला. "आत्या," म्हणाला, "राग मानू नका. ते बाहेरून आलं, की आतच होतं?"

आत्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"मले काय माहीत बाबू? मी घरी नव्हती."

असं उत्तर त्याला मुंबईत कोणी दिलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं तो ते मोठमोठ्या लोकांना सांगत हिंडला, आणि म्हणायचा की त्यांच्यापैकी कोणालाच याहून चांगलं काही सांगता आलं नाही.

पोरगी त्याला अंग पुसायला पंचा द्यायला आली, तेव्हा मी जवळच होतो.

"तीन छेद दोन म्हंजे दीडच ना?"

"हो, दीड."

"मंग दीड म्हणायचं. भगत घाबरला नसता."

बायकोने उठण्याआधी आत्याकडून एकच अट कबूल करून घेतली. पोरीने दरसाल शिवरात्रीला माहेरी यायचं, आणि पोचवायला नवऱ्यानेच यायचं, भाड्याच्या माणसाने नाही. आत्या म्हणाली, ही काय अट आहे, हे तर आमच्याच फायद्याचं. बायकोने पिशवी कमरेला खोचली. डोंग्यात बसताना पदराने डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाली. वारा नव्हता.

तो परदेशात गेलाच. तिकडे होता तेव्हा काही शिवरात्री चुकल्या. त्या साली उपास सुटला तरी बायको स्वयंपाक करायची नाही, आणि मी विचारायचो नाही. परत आल्यावर मात्र कधी चुकला नाही. पोरीला पलीकडे सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी दोघं डोंग्याने आमच्याकडे. एका साली हातवारे करत आला आणि उंबऱ्यातूनच सांगू लागला, की प्रोटॉनच्या पोटात तीन बारके कण आहेत म्हणे. ते तिघं आपापल्या जागी गप्प असले की साधा प्रोटॉन, आणि त्यांची मांडणी बदलली, गिरक्या एका दिशेला झाल्या, की तोच पेटलेला. म्हणजे सगळं आतलंच. बायको मासे चिरत होती. म्हणाली, "एका घरात तिघं जणं म्हटल्यावर कधी ना कधी पेटणारच. त्याले परदेशात कायले जाले पाहिजे?" मी म्हटलं, आणि इतकी वर्षं पगार घेतला तो? तो हसला. जेवला. संध्याकाळच्या आत पलीकडे गेला.

तिच्या आजारपणात तो दोनदा आला. काहीच समजावलं नाही, पायाशी बसून राहिला.

यंदाच्या शिवरात्रीला मी त्यांची वाट पाहत नव्हतो. अट घालणारी नाही, आत्या तर केव्हाच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर डोंगा लागला आणि दोघं वर चढून आले, म्हातारे, एकमेकांना धरून. घरात रांधायला मीच. कालवण केलं. मीठ दोनदा पडलं असावं, एकदा मी टाकलं आणि एकदा टाकल्याचं विसरून टाकलं. वाढताना मी सरळ सांगितलं, "हे पाहा, अट तिची होती. ती गेली. आता तुम्ही सुटले. नाही आले तरी मी काही म्हणणार नाही."

त्याच्या बायकोने खाली मान घालून घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. त्याने खारट कालवण भातात कालवलं, सगळं खाल्लं, आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"भाऊजी, वाढा अजून."

वाढलं.